मास्तरांचा दुसरा डोळा

कुत्र्याला दुसरा डोळा बसवावा असा फोटोकाकांचा अजिबात इरादा नव्हता. तो आपोआप बसला. ज्या माणसानं सगळी हयात गिऱ्हाइकांच्या गालावरचे वांग, कपाळावरच्या आठ्या आणि हनुवटीखालची दुसरी हनुवटी पुसण्यात घालवली, त्याच्यासमोर एका डोळ्याचा कुत्रा आला तर त्याचा हात गप्प कसा बसणार? पण कॉलनीतल्या लोकांना कलावंताचं मन कुठलं कळायला! त्यांनी सरळ 'फसवणूक' हा शब्द वापरला, आणि तोही भर सभागृहात, माइकवरून.

हे अर्थात बरंच पुढचं झालं. मुळात या भानगडीला सुरुवात झाली ती अक्कामुळे.

अक्का म्हणजे फोटोकाकांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात, मुलांच्या संसारात नाक खुपसतात. अक्कानं म्हातारे कुत्रे सांभाळायला घेतले. लोक पिल्लू मोठ्या हौसेनं आणतात, त्याला मांडीवर घेऊन फिरतात, आणि त्याचं तोंड पांढरं झालं की 'आम्ही घर बदलतोय हो' असं सांगून अक्काच्या दारात सोडून जातात. या घर बदलणाऱ्यांपैकी निम्मे लोक अजून त्याच घरात राहतात हे अक्काला ठाऊक असतं. ती नुसती बघते. माणसं मग दुसऱ्या रस्त्यानं बाजारात जायला लागतात.

लाकडाच्या वखारीमागे एक पत्र्याची शेड तिनं भाड्यानं घेतली होती. तिथं अकरा म्हातारे राहत होते आणि अक्का त्या सगळ्यांना अहो-जाहो करायची. "काकांनी आज सकाळपासून काही खाल्लं नाही", "मावशींचे सांधे धरलेत", "मास्तर जरा तापट आहेत, पण मनानं चांगले". मास्तर म्हणजे तो एका डोळ्याचा. उरलेल्या एका डोळ्यानं तो समोरच्याकडे असं बघायचा, की आपला गृहपाठ राहिलाय की काय अशी शंका यावी.

तर एक दिवस अक्का फोटोकाकांच्या घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बारक्या, शेडवाला म्हणतो वर्षाचं भाडं एकदम द्या, नाहीतर महिनाअखेर जागा खाली करा. जागा घ्यायला टायरवाला पैसे घेऊन दारात उभा आहे. मी या सगळ्यांना घेऊन जाऊ कुठे?"

बारक्याचं वय सदुसष्ट. पण ते सोडा. अक्कानं जन्मात कधी धाकट्या भावाकडे काही मागितलं नव्हतं, ती नुसते हुकूम सोडत आली होती. त्यामुळे तिच्या तोंडून प्रश्न ऐकून फोटोकाका चपापले. त्यांना एकदम ती म्हातारी वाटली.

"मी बघतो," ते म्हणाले. काय बघणार, कसं बघणार, याचा त्यांना पत्ता नव्हता.

पत्ता काकूंना होता. कॉलनीत त्यांना फोटोकाकू म्हणत, जरी फोटो काढून घेण्याच्या बाबतीत त्या कायम नवऱ्यावर नाराज असत. त्या म्हणाल्या, "अहो, लोक दुसऱ्याच्या कुत्र्याला बिस्किट घालायचे नाहीत. पण स्वतःच्या कुत्र्याचं कौतुक होणार असेल तर बिस्किटाचा कारखाना देतील. पाळीव प्राण्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवा. फोटो तुम्ही काढा. प्रत्येक फोटोखाली एक डबा ठेवायचा. ज्याच्या डब्यात जास्त पैसे, तो जिंकला. जिंकायचा तो जिंकू दे, डबे सगळे अक्कांच्या शेडला."

ही कल्पना फोटोकाकांना इतकी आवडली, की संध्याकाळपर्यंत ती त्यांना स्वतःचीच वाटायला लागली.

कॉलनीत एखादी गोष्ट करायची म्हणजे आधी सल्ले घ्यावे लागतात. न घेतले तर ते घरी येतात. वकीलकाका म्हणाले, "स्पर्धा म्हटली की निकालावर हरकत येणार. हरकतीला तारीख पडणार. तुम्ही निकालच लावू नका." दातांचे डॉक्टर म्हणाले, "प्राण्यांना हसायला लावा. दात दिसले पाहिजेत." कॉलनीच्या अध्यक्षांनी दोन्ही हात मागे बांधून सांगितलं, की सभागृहात जनावरं आणायला मनाई आहे.

"जनावरं नाहीत, फोटो आणणार."

"कुणाचे?"

"जनावरांचे."

"मग?" अध्यक्ष म्हणाले. असा 'मग' म्हणायला अध्यक्षच व्हावं लागतं. शेवटी, "नगरपालिकेची परवानगी आणा, माझी काही हरकत नाही," असं म्हणून त्यांनी फोटोकाकांना सरकारदरबारी ढकललं.

पशुविभागातल्या बाई म्हणाल्या, "जनावर कुठे आहे? फोटो आहे. फोटोला आम्ही इंजेक्शन देत नाही." त्यांनी जाहिरात विभागात पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, "जाहिरात म्हणजे काहीतरी विकायला हवं. तुम्ही काय विकता?"

"काही नाही."

"काही विकत नाही आणि लोकांकडून पैसे घेता?" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या डोळ्यांत संशय होता, पण थोडा आदरही होता. बराच खल झाल्यावर कुठेच बसत नाही म्हणून या उपक्रमाला 'चित्रकला (बालगट)' या सदरात परवानगी मिळाली. बालगटाचे आयोजक म्हणून फोटोकाकांनी सही केली आणि मान खाली घालून ते जिना उतरले.

मग फोटो काढायला सुरुवात झाली. बैठकीच्या खोलीत पांढरा पडदा लागला, छत्रीवाले दिवे लागले, आणि पुढचे काही दिवस काकूंना स्वतःच्या घरात भिंतीला चिकटून चालावं लागलं. वकीलकाका काचेच्या भांड्यातून मासा घेऊन आले आणि म्हणाले, "याची डावी बाजू चांगली आहे." मासा हट्टानं उजवी बाजू देत राहिला. डॉक्टरांच्या मांजरानं तोंड उघडलं ते फक्त फोटोकाकांच्या अंगठ्यासाठी. अध्यक्षांचा कुत्रा अंगानं गाढवाएवढा, नाव टायगर, पण छत्री बघितल्याबरोबर तो सोफ्याखाली शिरायला गेला. सोफ्याखाली त्याचं फक्त डोकं मावलं. शेवटी अध्यक्षांनी त्याला सोफ्यासकट पुढे ओढला.

सगळ्यात गंमत अशी, की फोटो जनावरांचे असले तरी मालकांना आपणही त्यात हवे होते. आणि फोटो निघाला की प्रत्येकजण फोटोकाकांच्या कानाशी येऊन कुजबुजायचा. "माझ्या डोळ्यांखालचं तेवढं बघा." "पोट जरा आत घ्या." जनावरांबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

शेवटी फोटोकाका शेडमध्ये गेले आणि त्यांनी अकराही म्हाताऱ्यांचे फोटो काढले. हे फोटो स्पर्धेत नव्हते. ते समोरच्या मोठ्या भिंतीवर लावायचे होते, म्हणजे पैसे कुणासाठी जमवतोय ते लोकांना कळलं असतं. म्हातारे शहाण्यासारखे बसले. कुणी डावं-उजवं केलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. चाळीसएक वर्षांच्या धंद्यात इतकी गुणी गिऱ्हाइकं फोटोकाकांना मिळाली नव्हती, आणि त्यांचं मन भरून आलं. घात झाला तो इथेच. आपल्या आवडत्या गिऱ्हाइकाला आपण काय द्यावं? तर जे आपल्याला उत्तम येतं ते.

घरी येऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले. पूर्वी ब्रश असायचा, आता माउस असतो, पण हात तोच. शेडमधल्या काकांच्या तोंडावरचे पांढरे केस काळे झाले. मावशींच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता, तो गेला आणि तिथं चमक आली. कुणाचा फाटका कान शिवला गेला, कुणाच्या बरगड्यांवर मांस चढलं. मास्तरांच्या बाबतीत त्यांनी डावा डोळा उचलून उलटा केला आणि उजव्या बाजूला असा बेमालूम बसवला, की खुद्द मास्तरांनीही दोन्ही डोळ्यांनी बघितलं असतं. त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे कोण?"

फोटोकाकांना वाटलं, कौतुक केलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सभागृह फुलून गेलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक गादी-कारखानदार आले होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, की मला काम पटलं तर वर्षाचं भाडं मी एकटा भरीन, डब्यांची गरज नाही. त्यांना आदल्या वर्षी कुठल्याशा खोट्या संस्थेनं दान म्हणून गाद्या उकळून गंडवलं होतं, त्यामुळे ते आता प्रत्येक गोष्ट दाबून बघत. ते मोठ्या भिंतीसमोर आले. अकरा तजेलदार, काळेभोर, डोळे लकाकणारे कुत्रे त्यांच्याकडे बघत होते.

"म्हातारे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

नेमकी त्याच क्षणी अक्का टेम्पोतून मास्तरांना घेऊन आत आली. मनाईची पाटी तिनं वाचली होती. शाळेत तिनं अशा बऱ्याच पाट्या स्वतःच लिहिल्या होत्या, त्यामुळे त्यांचा तिच्यावर परिणाम होत नसे. मास्तर हळूहळू चालत भिंतीपाशी आले आणि आपल्याच फोटोखाली बसले.

कारखानदारांनी खाली बघितलं. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. "हा तोच?"

"हो, मास्तर," अक्का म्हणाली. तिनंही मग वर बघितलं.

"याचा डोळा?"

"आमच्याकडे आले तेव्हाच तो नव्हता."

"फोटोत आहे."

एवढंच बोलून कारखानदारांनी चष्मा खिशात ठेवला आणि ते निघाले. त्यांच्यामागे अर्धं सभागृह दारापर्यंत गेलं आणि ते निघून गेल्यावर सगळेच्या सगळे फोटोकाकांकडे वळले. कुणी म्हणालं, तरुण कुत्रे यांनी लपवून ठेवलेत आणि हा म्हातारा भाड्यानं आणलाय. "म्हातारा कुत्रा भाड्यानं कोण देतं?" असं एकानं विचारलं, तर उत्तर आलं, "हल्ली सगळं मिळतं." अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "ही सरळ सरळ फसवणूक आहे," ते म्हणाले. "एका जबाबदार कॉलनीत असले बनावट फोटो खपवून घेतले जाणार नाहीत. डब्यातले पैसे ज्याचे त्याला परत करण्यात येतील."

फोटोकाकांनी अक्काकडे बघितलं. ती मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवत होती, मान वर करत नव्हती. तिच्याकडे बघून फोटोकाकांचं डोकं फिरलं. आयुष्यात कधी त्यांनी आवाज चढवला नव्हता, 'जरा हसा' एवढंच काय ते मोठ्यानं म्हणायचे. ते अध्यक्षांसमोर उभे राहिले आणि ओरडले, "बनावट? या सभागृहात बसलेल्या एकाचा तरी फोटो खरा आहे का? तुमच्यापैकी कुणाकुणाला काय काय लावलं आणि काय काय काढलं, ते मला विचारा! कुत्र्यांचे मूळ फोटो उद्या भिंतीवर लावतो, आणि शेजारी तुम्हा सगळ्यांचेही मूळ फोटो लावतो! माझ्याकडे सगळे आहेत!"

सभागृहात अशी शांतता पसरली, की मास्तरांचं घोरणं ऐकू आलं.

घरी पोचल्यावर काकूंनी शांतपणे विचारलं, "कुठे आहेत?"

"काय?"

"माणसांचे जुने मूळ फोटो. दुकान बंद करताना सगळी खोकी भंगारवाल्याला दिलीत. मीच द्यायला लावली."

फोटोकाका सोफ्यावर बसले. "रागात बोलून गेलो गं. उद्या जाऊन माफी मागतो."

तेवढ्यात बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर होते, तोंडावर हात ठेवून. त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या पाटीवर त्यांचा जो हसरा फोटो आहे, त्यातले पुढचे दोन दात फोटोकाकांनी बसवले होते. मुळात तिथून आगगाडी गेली असती. डॉक्टरांनी एक पाकीट काकूंच्या हातात ठेवलं. "शेडसाठी. काय आहे, मला पहिल्यापासून म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल एक ओढा आहे. आणि हो, माझा तो फोटो... उद्या गर्दीत नकोच."

"अहो डॉक्टर, खरं म्हणजे माझ्याकडे—" फोटोकाका म्हणाले, आणि काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

डॉक्टर जिना उतरतात तोच वकीलकाका जिना चढले. त्यांचं लग्न ज्या फोटोवर जमलं, त्या फोटोतले केस फोटोकाकांच्या हातचे होते. वकिलीणबाई अजून म्हणतात, लग्नानंतर यांचे केस काळजीनं गेले. वकीलकाकांनी पाकीट दिलं, "मुके जीव बिचारे," असं म्हणून डोळे टिपले आणि खिडकीतून खाली बघून, वाट मोकळी असल्याची खात्री करून मगच गेले. त्यानंतर एकेक जण येतच राहिला. कुणाचा मस, कुणाचा चष्मा, कुणाचं एक अख्खं मानेचं वळण. सगळ्यांना लहानपणापासून म्हातारे कुत्रे आवडत होते. इतके कुत्राप्रेमी आपल्या कॉलनीत राहतात याचा काकूंना पत्ताच नव्हता.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले. त्यांचं पाकीट सर्वांत जाड होतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठा फोटो आहे, ज्यात ते एका बड्या पाहुण्यांशी हात मिळवताना दिसतात. त्या फोटोच्या जोरावर ते निवडून आले. मूळ फोटोत बडे पाहुणे होते, मागे कुंड्या होत्या, हात मिळवणारा भलताच कुणीतरी होता. अध्यक्ष त्या फोटोत नव्हतेच. त्यांना फोटोकाकांनी नंतर आणून उभं केलं होतं.

"सकाळी मी जरा जास्तच बोललो," अध्यक्ष म्हणाले. "कुत्र्यांचे मूळ फोटो अवश्य लावा. बाकीच्यांचे कशाला उगाच?"

काकूंचा पाय तयारच होता, त्यामुळे फोटोकाका नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर म्हातारे जसे होते तसे लागले. पांढरी तोंडं, फाटके कान, सारा आलेले डोळे. माणसांचा एकही मूळ फोटो नाही हे बघून कॉलनीनं सुटकेचा श्वास सोडला आणि मोकळ्या मनानं डब्यांतही पैसे टाकले. शेडचं वर्षाचं भाडं भरून वर मावशींच्या औषधालाही उरत होतं. अक्का मास्तरांना सोबत घेऊन भिंतीसमोर उभी राहून एकेका फोटोकडे बघत होती. "बारक्या," ती म्हणाली, "लोक चांगले असतात रे. मी उगाच त्यांच्याकडे रागानं बघायचे."

हे मात्र फोटोकाकांना झेपलं नाही. पाकिटं घेताना गप्प बसणं वेगळं आणि अक्काच्या चेहऱ्यावर असं समाधान बघत गप्प बसणं वेगळं. काकू लांब होत्या, पाय पोचत नव्हता. फोटोकाकांनी अक्काला कोपऱ्यात घेतलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. भंगारवाला, पाकिटं, अध्यक्ष, सगळं.

अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती सरळ व्यासपीठावर गेली आणि तिनं माइक स्वतःच्या उंचीला आणला.

"काल माझा भाऊ रागात काहीतरी बोलला," ती म्हणाली. "त्याच्याकडे तुमच्यापैकी कुणाचाही जुना मूळ फोटो नाही. सगळे कधीच भंगारात गेले. त्या भीतीनं कुणी पैसे दिले असतील, तर त्यांनी हात वर करावा. पाकिटं इथंच आहेत, मी आत्ता परत करते."

गेली शेड, आला टायरवाला. फोटोकाकांनी डोळे मिटून घेतले. अकरा म्हातारे एका ओळीत रस्त्यानं चाललेत आणि पुढे अक्का चालली आहे, असं काहीतरी त्यांना दिसायला लागलं. आपण तोंड का उघडलं, असं त्यांना वाटलं, आणि उघडलं नसतं तर अक्काच्या तोंडाकडे जन्मभर बघता आलं नसतं, असंही वाटलं.

बराच वेळ काही झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. डॉक्टर छताकडे बघत होते. वकीलकाका बुटाची नाडी बांधत होते, त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. अध्यक्षांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"अध्यक्षसाहेब," अक्का म्हणाली, "तुमचं पाकीट फार मोठं आहे. काही गैरसमजातून तर नाही ना?"

"छे छे!" अध्यक्ष ताडकन उठले. सगळी कॉलनी, त्यांच्या बायकोसकट, त्यांच्याकडे बघत होती. "गैरसमज कसला? मला मुळातच म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल फार जिव्हाळा आहे. त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको असं होतं मला."

"असं होय?" अक्का म्हणाली. "मग मास्तरांना एक घर हवंय. शेडच्या पत्र्याखाली त्यांना दुपारी फार उकडतं."

पहिली टाळी दातांच्या डॉक्टरांनी वाजवली. आपल्याला नाही विचारलं या आनंदात त्यांनी ती इतकी जोरात वाजवली, की बाकीच्यांना वाजवावीच लागली. मास्तर उठले, अध्यक्षांपर्यंत चालत गेले, त्यांच्याकडे वर बघितलं आणि त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपले. अध्यक्ष बराच वेळ पाय न हलवता उभे राहिले. पाय अवघडला तरी त्यांनी तो काढून घेतला नाही, हे फोटोकाकांनी बघितलं, आणि त्यांना अध्यक्ष पहिल्यांदाच जरा बरे वाटले.

परत जाताना फोटोकाका टेम्पोत अक्काशेजारी बसले. मांडीवर डब्यांची पिशवी होती.

"अक्का, एवढी कशी गं तू? एकानं जरी हात वर केला असता तर?"

अक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बारक्या, सगळी नोकरी मी वर्गात उभी राहून विचारत आले, की खिडकीची काच कुणी फोडली, त्यानं हात वर करा. आजवर एकही हात वर झालेला नाही."

फोटोकाका इतके हसले, की टेम्पोवाल्यानं आरशातून मागे बघितलं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण समजा, झाले असते वर. मग काय केलं असतंस?"

"पैसे परत दिले असते," अक्का म्हणाली, "आणि अकराही जणांना तुझ्या घरी आणलं असतं. परवाच तुझ्या बायकोशी बोलून ठेवलंय."